पेडांची अदलाबदल

सकाळी साडेआठच्या सुमारास बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा मनुष्य बसतो, त्याला बसणे म्हणणे धाडसाचे आहे; तो टेकतो. चार बोटांची जागा त्याच्या वाट्याला आलेली असते. गोरेगावला गाडीला हिसका बसतो, तो बोटभर आत सरकतो. जोगेश्वरीला पुन्हा बोटभर बाहेर ढकलला जातो. अंधेरीला कोणी अंग आवरून घेतो आणि हा पुन्हा आत येतो. अशी रेटारेटी चालता चालता केव्हातरी खिडकीशी बसलेला मूळचा मानकरी उठून उभा राहतो आणि चौथा बाकावर पुरता स्थिरावतो. कोणी कोणाला 'ऊठ' म्हटलेले नसते. ज्याला टेकायला चार बोटे मिळाली त्याने हे घडवले. ज्याला ती मिळाली नाहीत, तो दाराशीच लोंबकळत राहिला.

गेल्या पंचवीस वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी हाच व्यवहार रेणूंच्या जगात मांडला आहे. त्याला पेड-विस्थापन म्हणता येईल. नाव भारदस्त असले तरी श्रोत्यांनी त्याला भिण्याचे कारण नाही. बोरिवलीची गाडी ज्याला ठाऊक आहे त्याला निम्मा विषय आधीच कळलेला आहे. उरलेला निम्मा कृत्रिम न्यूक्लिइक आम्लांचा, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. तिथपर्यंत क्रमाक्रमाने जाऊ.

डी. एन. ए. ही दोन पेडांची दोरी आहे. तिची जाडी किती, तर एका मिलिमीटरचे पाच लाख भाग करावेत आणि त्यांतला एक घ्यावा. प्रत्येक पेडाचा कणा साखर आणि फॉस्फेट यांच्या एकाआड एक कड्यांचा असतो, आणि त्या कण्याला ठराविक अंतरावर चार प्रकारचे क्षारक लटकलेले असतात: अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. अ‍ॅडेनीनची जोडी थायमीनशी, ग्वानीनची सायटोसीनशी. या जोड्या जमतात तेव्हाच दोन पेड एकमेकांभोवती पीळ घेतात. प्रत्येक बंध अगदी हलका असतो. पण वीस जोड्या सलग जमल्या की ती पकड सहजी सुटत नाही. उलट कण्यातल्या फॉस्फेटांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे दोन्ही पेड एकमेकांना ढकलतही असतात. द्रावणात मीठ असेल तर हे ढकलणे सौम्य होते. मिठाची ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आता असे समजा की एक लांब पेड आहे आणि त्याच्यावर त्याहून आखूड असा दुसरा पेड जुळून बसला आहे. लांब पेडाचा पाच-सात क्षारकांचा शेवट उघडा राहिला आहे. हीच ती चार बोटांची जागा. इंग्रजीत तिला टो-होल्ड म्हणतात, आम्ही तिला टेकण म्हणू. द्रावणात तिसरा पेड सोडला. तो लांब पेडाशी पूर्णपणे जुळणारा आहे, टेकणाशीसुद्धा. तो प्रथम टेकणावर येऊन बसतो. मग एकेक क्षारक करून तो आत सरकतो आणि बसलेल्या पेडाचा एकेक क्षारक सुटत जातो. ही वाटचाल सरळ पुढे नसते. एक पाऊल पुढे, एक मागे, पुन्हा पुढे, अशी ती चालते, कारण प्रत्येक पावलाला एक जोडी तुटते आणि तशीच एक जोडी जमते. नफाही नाही आणि तोटाही नाही. पण एकदा शेवटची जोडी सुटली की जुना पेड वाहून जातो, आणि त्याला परत टेकायला जागा उरत नाही. म्हणून व्यवहार एकाच दिशेने पुरा होतो.

याची खरी मौज वेगात आहे. टेकण मुळीच नसेल तर ही अदलाबदल इतकी मंद चालते की ती होतच नाही म्हणावे. टेकणाला एकेक क्षारक जोडत गेलो की वेग दर वेळी साधारण दसपटीने वाढतो आणि सहा-सात क्षारकांनंतर तो स्थिरावतो. तोवर तो सुमारे दहा लाख पट झालेला असतो. अमेरिकेतील झांग आणि विन्फ्री यांनी २००९ मध्ये या वेगाचे पद्धतशीर मापन प्रसिद्ध केले. म्हणजे रसायनशास्त्रज्ञाला टेकण लांब-आखूड करून घड्याळ जलद-मंद करावे तशी ही क्रिया चालवता येते. तापवणे नको, एंझाइम नको, यंत्र नको. नळीत पेड ओतायचे आणि वाट पाहायची.

याचा पहिला गाजलेला उपयोग २००० साली झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बर्नार्ड युर्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डी. एन. ए.चा एक चिमटा तयार केला. एक पेड घातला की चिमटा मिटतो, दुसरा घातला की तो पहिल्याला ओढून घेऊन जातो आणि चिमटा उघडतो. पुढे २०११ मध्ये लुलू चियान आणि एरिक विन्फ्री यांनी १३० पेडांचे असे जाळे विणले की ते चार द्विमान अंकांच्या संख्येचे वर्गमूळ काढी, उत्तर पूर्णांकापुरते. त्याला लागणारा वेळ तासांत मोजावा लागे, तेव्हा किराणा दुकानदाराने आपले गणकयंत्र फेकून देण्याची घाई करू नये. गणकयंत्राशी शर्यत लावण्याचा यात हेतूच नव्हता. जिथे तार पोचत नाही, वीज पोचत नाही, तिथे, म्हणजे रक्ताच्या थेंबात किंवा पेशीच्या पोटात, प्रश्न विचारून उत्तर मिळवता येईल काय, हा खरा प्रश्न होता.

आणि तिथेच गाडी अडली.

रक्तात आणि पेशीत न्यूक्लिएज नावाची एंझाइमे असतात. परक्या न्यूक्लिइक आम्लाचे तुकडे करणे हा त्यांचा धर्म आहे, आणि तो ती इमानाने पाळतात. प्रयोगशाळेच्या स्वच्छ पाण्यात झकास चालणारी पेडांची यंत्रणा रक्तद्रवात घातली की पाहता पाहता खाऊन टाकली जाते. दुसरी अडचण गळतीची. दोरीची टोके अधूनमधून आपोआप किंचित उसवतात आणि मिटतात. त्या क्षणी एखादा पेड टेकणावाचूनच आत घुसतो. विचारलेच नाही त्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे येते. चाचणीच्या बाबतीत याचा अर्थ असा की ज्याला आजार नाही त्याला आजारी ठरवले जाईल. ही लहानसहान बाब नव्हे.

या अडचणीवरचा एक मोठा उपाय पेड-विस्थापनाची यंत्रे निघण्याच्या नऊ वर्षे आधीच जन्माला आला होता, आणि तोही अपघाताने. १९९१ साली कोपनहेगनमध्ये पीटर नील्सन, मायकेल एगहोम, रॉल्फ बर्ग आणि ओले बुखार्ट या चौघांनी गणकयंत्राच्या पडद्यावर डी. एन. ए.चा साखर-फॉस्फेटाचा कणा काढून टाकला आणि त्या जागी प्रथिनांत असतो तशा बंधांचा साधा कणा बसवला. आपल्या ताटातल्या डाळीत जी प्रथिने असतात, त्यांची कडी ज्या जातीच्या बंधाने जोडलेली असतात त्याच जातीचा हा बंध. क्षारक मात्र तेच ठेवले. या पदार्थाला पेप्टाइड न्यूक्लिइक आम्ल, थोडक्यात पी. एन. ए., म्हणतात. त्यांची अपेक्षा अशी होती की हा नवा पेड डी. एन. ए.च्या दोरीच्या खाचेत तिसऱ्या पेडासारखा पडून राहील. झाले निराळेच. नव्या पेडाने दोरीतल्या एका पेडाला बाजूला सारले आणि त्याची जागा घेतली. बाजूला पडलेला पेड खरोखरच सुटा झाला आहे हे ओळखण्याची एक कसोटी आपल्या ओळखीच्या पोटॅशियम परमँगनेटची आहे. विहिरीत टाकायचे ते जांभळे औषध जोडीत बसलेल्या थायमीनला सहसा छेडत नाही, सुट्या थायमीनला मात्र गाठते.

हे घडले कसे? पी. एन. ए.च्या कण्यावर विद्युतभारच नाही. दोन पेडांमधले ते ढकलणे इथे संपले. त्यामुळे पी. एन. ए. आणि डी. एन. ए. यांची जोडी डी. एन. ए.च्या आपापसातल्या जोडीपेक्षा घट्ट बसते. पंधरा क्षारकांच्या डी. एन. ए. दोरीचे पेड तापवल्यावर साधारण ५५ अंशांना सुटतात, पी. एन. ए.ची तेवढीच जोडी ७० अंशांच्या आसपास टिकते. शिवाय न्यूक्लिएज त्याला न्यूक्लिइक आम्ल मानीत नाही, आणि प्रथिने तोडणारे एंझाइम त्याला प्रथिन मानीत नाही. दोन्ही कचेऱ्यांतून त्याचा कागद 'आमच्याकडचा नव्हे' असा शेरा मारून परत येतो, आणि तो सुखरूप राहतो. मघाची मिठाची गोष्ट इथे आठवावी. भरीव दोरीत शिरायचे तर दोरी आधी किंचित उसवावी लागते; मीठ वाढले की दोरीचे दोन पेड अधिक निश्चिंतपणे बिलगून बसतात आणि पी. एन. ए.चा शिरकाव मंदावतो. शरीरातले मीठ या कामाला अडथळा आणण्याइतके असते. त्यामुळे तिथेही टेकण ठेवून काम करण्याला महत्त्व आले.

पुण्याला पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. १९५० च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. तेथे कृष्ण गणेश आणि वैजयंती कुमार यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह पी. एन. ए.चा हा कणा हाती घेतला. गणेश पुढे २००६ मध्ये पुण्याच्या आयसरचे पहिले संचालक झाले. पी. एन. ए.चे गुण सर्वांना दिसत होते. या मंडळींनी त्याच्या खोडींकडे लक्ष दिले. भार नसल्यामुळे तो पाण्यात नीट विरघळत नाही, आपापसात गोळा होतो. कणा लवचीक असल्यामुळे तो उलटसुलट दोन्ही दिशांनी जोडी जमवू शकतो. आणि डी. एन. ए. आणि आर. एन. ए. या दोघांनाही तो पकडतो. कोणाला पकडावे याचा विवेक त्याच्याजवळ कमी. १९९९ मध्ये त्यांनी कण्यात प्रोलीनचे पाच अणूंचे कडे गुंफलेला पी. एन. ए. प्रसिद्ध केला. त्यात धन भार आला, लवचीकपणा आवरला गेला आणि डी. एन. ए.शी त्याची जोडी फार भक्कम झाली.

आम्हाला मात्र त्यांचे त्यानंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. पी. एन. ए. जेव्हा आर. एन. ए.शी जुळतो तेव्हा त्याच्या कण्यातला एक ठराविक कोन साधारण ६५ ते ७० अंशांचा असतो, डी. एन. ए.शी जुळताना तोच कोन १४० अंशांच्या आसपास जातो. मग असे केले तर, की कण्यात सहा अणूंचे ताठ कडे बसवून तो कोन पहिल्या मापालाच जखडून टाकायचा? गोविंदराजू, कुमार आणि गणेश यांनी तसे केले, आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पी. एन. ए.ने आर. एन. ए.ला स्पष्ट पसंती दिली. सहाऐवजी पाच अणूंचे, जरा मऊ कडे बसवले तर पकड वाढली, पण ही आवडनिवड गेली. एका अणूच्या फरकाने हे घडते! सुताराने चौकटीला गुण्या लावून काटकोन साधावा, तसा इथे रेणूच्या सांध्यात कोन साधलेला आहे.

ही आवडनिवड एवढी महत्त्वाची का, हे आपल्या जवळच्या एका उदाहरणाने पाहू. विरारच्या पुढे पालघर जिल्ह्यातल्या, तसेच नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी वस्त्यांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या विकाराचे मूळ काय, तर हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका ठिकाणी अ‍ॅडेनीनच्या जागी थायमीन आलेले असते. एक क्षारक. रक्तातले हिमोग्लोबिन तपासून हा विकार आज ओळखता येतो, तेव्हा त्याच्यासाठी पेडांच्या चाचणीवाचून काम अडलेले आहे असे कोणी समजू नये. परंतु कर्करोगातले कित्येक बदल असेच एका क्षारकाचे असतात, आणि ते ओळखायला हिमोग्लोबिनसारखा सोयीचा साक्षीदार मिळत नाही.

आता हिशेब करू. पंधरा क्षारकांच्या पी. एन. ए.ने बरोबर जोडी जमवली तर ती ७० अंशांपर्यंत टिकते. एक क्षारक चुकला तर हे तापमान सरासरीने १५ अंशांनी खाली येते, डी. एन. ए.च्या बाबतीत ते ११ अंशांनीच येते. म्हणजे चूक ओळखण्यात पी. एन. ए. सरस. पण ७० उणे १५ म्हणजे ५५. शरीराचे तापमान ३७. दोघेही चिकटून बसलेलेच! पकड इतकी घट्ट की खरा आणि खोटा दोघेही सुटत नाहीत. घट्टपणाच इथे आड आला. कृत्रिम न्यूक्लिइक आम्लांची तारीफ करणारे पुष्कळ लेखक इथे थांबत नाहीत, आणि म्हणून श्रोत्यांची समजूत अशी होते की जितके घट्ट तितके चांगले.

यातून वाट काढली आहे ती पेड-विस्थापनानेच. नुसता चिकटतो की नाही हे पाहायचे नाही. आधी एक पेड बसवून ठेवायचा आणि येणारा त्याला उठवू शकतो की नाही हे पाहायचे. तराजूत एकच पारडे असले तर वजन कळत नाही. बसलेला पेड हे दुसरे पारडे आहे. येणारा पेड पूर्ण जुळला तर तो जुन्याला उठवतो. एक क्षारक चुकला असेल तर वाटचालीत त्या जागी त्याला तोटा सोसावा लागतो, तो मागे रेटला जातो आणि टेकणावरून निसटतो. पेडांच्या लांब्या नीट तोलल्या तर बरोबर आणि चूक यांतला फरक फार मोठा होतो. झांग, चेन आणि यिन यांनी २०१२ मध्ये डी. एन. ए.चेच पेड वापरून या तोलाचे नियम मांडले. गळतीवरही इलाज निघाला: दोरीच्या टोकांना, जिथे ती उसवते तिथे, एलएनए नावाचे दुसऱ्या जातीचे कृत्रिम क्षारकघटक बसवले की टोके घट्ट मिटून राहतात आणि चोरवाट बंद होते. सबंध पेड कृत्रिम करण्यापेक्षा नेमक्या दोन-चार ठिकाणी तो बदलणे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

एका विलक्षण प्रकाराचा उल्लेख केल्यावाचून विषय सोडवत नाही. निसर्गातल्या डी. एन. ए.चा पीळ उजवा असतो. रसायनशाळेत त्याची आरशातली प्रतिमा तयार करता येते. तिचा पीळ डावा. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि उजवे पेडल तिथे कितीही फिरवले तरी बसत नाही, हे सायकल दुरुस्त करणारा कोणीही सांगेल. तसेच आरशातला डी. एन. ए. आणि खरा डी. एन. ए. यांची नेहमीसारखी जोडी जमत नाही. न्यूक्लिएजच्या दातांतही तो सापडत नाही, म्हणून तो पेशीत पुष्कळ टिकतो. पण जो कोणाशी बोलूच शकत नाही तो निरोप कसा घेणार? इथे पी. एन. ए. दुभाषा म्हणून येतो. त्याच्या साध्या कण्याला उजवे-डावे नाही. तो दोघांशीही जुळतो. टेक्सासमधील जोनाथन सेपान्स्की यांच्या गटाने २०१७ मध्ये पी. एन. ए.वर आरशातला पेड बसवून ठेवला. नैसर्गिक पेड येतो, पी. एन. ए.च्या उघड्या टेकणावर बसतो, आत सरकतो आणि आरशातल्या पेडाला मोकळे करतो. तो मोकळा झालेला पेड पुढची सारी यंत्रणा आरशाच्या जगात चालवतो, जिथे एंझाइमांचा हात पोचत नाही. २०१९ मध्ये याच मार्गाने त्यांनी जिवंत पेशीतल्या सूक्ष्म आर. एन. ए.चा मागोवा घेऊन तो प्रकाशाच्या रूपाने दाखवला. जपानमध्ये नागोया येथे हिरोयुकी असानुमा यांनी साखरेचे कडे अजिबात नसलेले निराळे कणे बनवून याच दिशेने काम केले आहे.

२०२० साली मुलुंड-घाटकोपरच्या प्रत्येक इमारतीत आर. टी. पी. सी. आर. हे नाव पोचले. त्या पद्धतीत नमुना वारंवार ९५ अंशांच्या आसपास तापवून पुन्हा थंड करतात आणि एंझाइमाकडून त्याच्या असंख्य प्रती काढतात. त्यासाठी यंत्र लागते, वीज लागते, हात तयार असलेला माणूस लागतो. पेड-विस्थापनाला यांतले काहीच लागत नाही, म्हणून जव्हार-मोखाड्याच्या आरोग्यकेंद्रात ते पोचावे अशी इच्छा साहजिक आहे. पण प्रती काढण्यातली पी. सी. आर.ची ताकद मोठी आहे. विस्थापनात एका आलेल्या पेडाने एकच पेड सुटतो. अनेक सुटावेत म्हणून रचलेल्या साखळ्या आहेत, परंतु साखळी वाढली की गळतीही तिच्याबरोबर वाढते.

आणि खर्च. डी. एन. ए.च्या प्रती एंझाइमे हवी तितकी काढून देतात. पी. एन. ए.ची प्रत काढणारे एंझाइम निसर्गात नाही. म्हणून त्याचा प्रत्येक पेड रसायनशाळेत एकेक कडे जोडून बनवावा लागतो. जोडायचे, धुवायचे, पुन्हा जोडायचे, आणि शेवटी अर्धवट राहिलेले पेड निवडून बाहेर काढायचे. पुण्याच्या त्या जखडलेल्या कड्यांच्या पी. एन. ए.त तर जोडण्यापूर्वी प्रत्येक कड्याचा योग्य हाताचा प्रकार वेगळा करून घ्यावा लागतो. पवईच्या आय. आय. टी.मध्येही न्यूक्लिइक आम्लांच्या रसायनशास्त्रावर काम चालते. ज्या तरुण श्रोत्यांना या विषयाची गोडी लागली असेल, त्यांनी घाटकोपरहून बस धरून तिथे एकदा जावे आणि पेड जोडण्याचे हे यंत्र चालताना पाहावे. एकेक क्षारक जोडायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजावे.